गुडघाभर पाण्याची साक्ष

माझी आत्या तीस वर्षं सरकारी रुग्णालयाच्या धुलाईखात्यात होती. तिथे यंत्रं आली ती अगदी शेवटी शेवटी. त्याआधी चादरी भट्टीत उकळायच्या, हातगाडीवर लादायच्या आणि गावाबाहेरच्या ओढ्यात खळबळून आणायच्या. पाच-सहा जणी होत्या. निवृत्तीनंतर सगळ्या पांगल्या.

गेल्या वर्षी त्या ओढ्यातून गॅसची पाइपलाइन न्यायचं ठरलं. पर्यावरण खात्यानं परवानगी देण्याआधी लोकांकडून हरकती मागवल्या, मुदत तीस दिवसांची. मी कंपनीचा अहवाल आत्याला वाचून दाखवत होते. 'ओढा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्या काळात चर खणून पाइप टाकता येईल,' या वाक्याला तिनं मला थांबवलं.

"परत वाच."

मी वाचलं.

"कोरडा? अगं, ऐन उन्हाळ्यात पाय बधिर व्हायचे आमचे. वरच्या खडकातून झरा येतो तिथे. हे लिहिणारा तिकडे फिरकला तरी होता का?"

"मग हे तूच लिहून कळव."

"मला एकटीला कोण विचारतंय," असं म्हणाली खरी, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच चपला घालून ती घरोघरी निघाली. बहुतेकांनी चहावर बोळवण केली. नाक्यावरचा चांभार म्हणाला, "आत्या, ठरलेलं असतं सगळं. आपले कागद रद्दीत जातात."

"जाऊ देत. रद्दीवाल्याला तरी कळेल."

आठवड्यात तीनच हरकती जमल्या. तेव्हा तिला जुन्या मैत्रिणी आठवल्या. रविवारी दोघी आल्या: ठेंगणी, आणि अखंड बोलते म्हणून जिचं नाव 'रेडिओ' पडलं होतं ती. दहा वर्षांनी भेटत होत्या. मी टेबलावर कागद ठेवले, पण तासभर कुणी पेनाला हात लावला नाही. डॉक्टरांचा कोट कसा वाहून गेला, तो धरायला रेडिओ कशी कपड्यांसकट पाण्यात बसली, दुपारी दगडावर पाठ टेकली की ऊन कसं अंगात मुरायचं... तिघींचे चेहरे बघता बघता तरुण झाले होते. मला मध्ये बोलणं जिवावर आलं.

"आत्या, आठवणींवर खातं निर्णय देत नाही गं. पाणी किती होतं, कोणत्या महिन्यात होतं, ते हवं."

"किती म्हणजे? ज्या उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटल्या, तेव्हासुद्धा माझ्या गुडघ्याला लागायचं," ठेंगणी म्हणाली.

"माझ्या पोटरीला," रेडिओ म्हणाली. "मी उंच ना."

मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली. दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ठेंगणीचा गुडघा एकोणचाळीस सेंटिमीटरवर भरला आणि रेडिओनं पोटरीवर ठेवलेलं बोट अडतीसवर. आत्या हसता हसता खुर्चीत बसली. मग तिघींनी मान खाली घालून लिहायला घेतलं.

या मोजणीची गोष्ट रेडिओनं गावभर केली. मग माणसं आपणहून यायला लागली. चांभारही आला. त्याचे वडील कातडं भिजवायला त्याच ओढ्यावर जायचे. "कोणत्या महिन्यात?" आत्यानं विचारलं आणि पेन त्याच्या हातात दिलं. मुदत संपली तेव्हा एकशे चाळीस हरकती झाल्या होत्या. आम्ही त्या खात्याच्या खिडकीत दिल्या. तिथल्या बाईंनी ठेंगणीचा कागद दोनदा वाचला, शिक्का मारला आणि पोच दिली.

ऐन उन्हाळ्यात खात्याची दोन माणसं मोजमापाला आली. आत्या सोबत गेली. ओढा वाहत होता. पट्टीवर एकतीस सेंटिमीटर आले. ती दोघं खूश झाली, हरकत खरी ठरली होती. आत्यानं घरी येऊन टेपवर एकोणचाळीसचा आकडा शोधला.

"कमी झालंय गं पाणी," एवढंच म्हणाली.

परवानगी मिळाली, पण अटीवर: चर खणायचा नाही, पाइप ओढ्याच्या तळाखालून खोलवरून न्यायचा, झऱ्यापासून लांब. रेडिओ हिरमुसली. "म्हणजे पाइपलाइन आली ती आलीच."

"आली," आत्या म्हणाली. "पण पाण्याला धक्का न लावता."

पुढच्या रविवारी लिहायचं काहीच उरलं नव्हतं. तरी दारावरची घंटा वाजली. ठेंगणी आली होती आणि तिच्यामागे रेडिओ, जिन्यातूनच बोलत.