मागून म्हणणारा

कल्याणजवळच्या निर्वासितांच्या कॅम्प चारातली ती बरॅक लढाईच्या वेळची, लष्करानं बांधलेली. आजूबाजूच्या बरॅकींत सिंधी कुटुंबं गोणपाटाचे पडदे लावून राहत होती. ही एक तेवढी रविवारपुरती ख्रिस्ती लोकांना मिळालेली, आणि तीही वाटणीनं. सातला कॅथलिकांची मिसा, नऊला नगरकडून आलेल्या मिशनवाल्यांची उपासना, दुपारी अंबरनाथच्या कारखान्यातले मल्याळी. एकमेकांची तोंडं पाहायची वेळ येऊ नये म्हणून मध्ये मोकळा वेळ ठेवलेला. त्या वेळात मिशनवाल्यांची वेणूबाई झाडायची. उदाचा वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या टाकायची आणि पुटपुटायची, देवाला इतका धूर कशाला लागतो म्हणून.

बावन्न सालच्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळात मागून म्हणणारा आला.

वेणूबाईचा नवरा हरिचंद्र पेटीवर गीत सांगायचा. तो ओळ म्हणे, आणि सतरंजीवर बसलेली मंडळी तीच ओळ मागून म्हणे. एका रविवारी मंडळी थांबली आणि ओळ थांबली नाही. भिंतीकडून एक आवाज, कफ भरलेला, सगळ्यांच्या मागे पडलेला, तीच ओळ म्हणत राहिला. हरिचंद्रानं घाबरून पुढची ओळ घेतली, तसा तो अर्ध्यात तुटला. पुढच्या ओळीला पुन्हा तेच. बाहेर लख्ख ऊन, पापडवालीची हाक, आणि आत बसलेल्यांच्या अंगावर काटा.

तिसऱ्या रविवारी चौदा घरांपैकी पाचच आली. पाळक हिरामणराव म्हणाले, आणखी एक रविवार बघू, मग बरॅकीची किल्ली परत करून कल्याणच्या चर्चला जात जाऊ. कुणी म्हणालं, कॅथलिकांनीच मेणबत्त्या लावून काहीतरी बोलावून ठेवलंय. वेणूबाईलाही तसंच वाटलं. पण तिचा जीव दुसरीकडेच अडकला होता. तरणा लेक गेल्यापासून हरिचंद्र घरात हूं की चूं करीत नसे. आठवड्यातून एकदा पेटीपुढे बसला की त्याच्या तोंडून सूर निघे, तेवढाच तो माणसांत येई. कल्याणला वाजवणारे आधीच होते. बरॅक सुटली की हा माणूस कायमचा गप्प होणार, हे तिला दिसत होतं. आणि भिंतीकडचा आवाज लेकाचा नाही, हेही तिनं पहिल्याच दिवशी ताडलं होतं. आईला का कळत नाही.

ठरलेल्या रविवारी ती सातलाच गेली, भांडायच्या तयारीनं. मिसा सुरू झाली होती. कॅथलिकांतल्या वसईच्या एका माईंनी तिचा हात धरून शेजारी बसवलं. लॅटिनातलं तिला काडीचं कळेना. मग घंटी वाजली, सगळे गुडघ्यांवर आले, आणि गप्प झाले ते गप्पच. एवढी माणसं, पण श्वासही ऐकू येईना. मिशनच्या उपासनेत एक थांबला की दुसरा सुरू व्हायचा. असलं थांबणं तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्या शांततेत, भिंतीकडच्या रिकाम्या फरशीवर कुणीतरी सावकाश एक गुडघा टेकला. मग दुसरा. हाडं वाजली.

माईंनी डोळे उघडले नाहीत.

मिसा संपेपर्यंत वेणूबाईचं भांडण कुठल्या कुठे गेलं होतं. "माई, तुमच्यातपण?"

"नाताळापासून हाय. आमच्यात गात नाय, गुडघे टेकतो. तो उठेस्तोवर फादर थांबतात. म्हातारा माणूस असंल."

"आणि मल्याळ्यांत?"

"त्यांच्यात उभा राहतो. ओळीत एक जागा सोडून ठेवतात, मी बघितलंय." माईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुमच्यात त्याची ओळ पुरी होऊ देत नाय म्हणतात."

त्या दिवशी वेणूबाईनं सगळं झाडलं, फक्त भिंतीकडची बाजू सोडली.

नऊला तीच पाच घरं आली. हरिचंद्र पेटीला हात लावीना. वेणूबाई मंडळीत तोंड उघडणारी बाई नव्हती. ती त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाली, "अहो, ओळ सांगा. मग थांबा. त्याची होऊ द्या."

"कुणाची?"

"जो मागं राहतो त्याची."

हरिचंद्रानं पेटी पुढं ओढली. मग ओळ घेतली. मंडळीनं म्हटली. त्यानं भाता धरून ठेवला आणि थांबला.

आवाज आला. धापा टाकत, एकेक शब्द चाचपत. ओळ लांब होती. हिरामणरावांच्या बायकोनं तोंडावर पदर घेतला, पण उठलं कुणी नाही. शेवटचं अक्षर झालं आणि त्यामागून एक सुस्कारा आला, डोक्यावरची मोळी उतरवताना निघतो तसा. हरिचंद्रानं दुसरी ओळ घेतली. एकच गीत, पण ते संपायला पाऊण तास लागला.

हिरामणरावांनी मुठीतली किल्ली खिशात टाकली. कल्याणचं नाव कुणी काढलं नाही.

प्रार्थनेसाठी सगळ्यांनी डोळे मिटले. वेणूबाईच्या डाव्या अंगाला सतरंजी हळूहळू दबली, आणि दंडाला ओल्या भिंतीसारखा गारवा लागला. तिनं डोळे मिटलेलेच ठेवले. पदर आवरून घेतला आणि थोडी उजवीकडे सरकली.