वडिलांच्या सहीची जागा

कॉलेजात प्रवेश मिळाला, पण फी आमच्या आवाक्याबाहेरची होती. फीमाफीचा अर्ज आणला आणि तिसऱ्या पानावर माझं घोडं अडलं. तिथे वडिलांचं उत्पन्न आणि सही हवी होती.

बाबा सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेले, ते पुन्हा फिरकलेच नाहीत. आईने मात्र सगळीकडे सांगून टाकलं होतं, की ते जहाजावर नोकरीला आहेत. शेजारच्या काकूंनी विचारलं, की ती म्हणायची, "सध्या लांबच्या बंदरात आहेत." मीही तिचीच री ओढायचे.

आम्ही दोघी कॉलेजच्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या क्लार्कबाईंनी पानं चाळली.

"वडिलांची सही राहिली."

"ते जहाजावर असतात," आई म्हणाली.

"मग त्यांच्या पगाराचा दाखला आणा. पण जहाजावर पगार चांगला असतो. माफी मिळणं कठीण आहे."

आईने अर्ज परत घेतला. मला वाटलं, संपलं. पण ती वळली नाही. तिने अर्ज पुन्हा खिडकीत सरकवला.

"जहाज वगैरे काही नाही. ते आम्हाला टाकून गेलेत. कुठे आहेत, मला माहीत नाही."

मागे रांग होती. सगळ्यांनी ऐकलं. आईचे कान लालबुंद झाले होते, पण आवाज जराही कापला नाही.

बाईंनी आम्हाला आत बोलावून खुर्च्या दिल्या. "अहो, हे आधीच सांगायचं ना! त्याची सोय आहे. नात्यातली नसलेली दोन माणसं शोधा. वडील घरी नाहीत आणि घर तुम्हीच चालवता, एवढं त्यांच्याकडून लिहून आणा. शुक्रवारपर्यंत."

आई एका शिंप्याच्या दुकानात पँटी आखूड करायची, चेन बदलून द्यायची. दुसऱ्या दिवशी तिने मशीन थांबवलं आणि दुकानाच्या मास्तरांना सगळं सांगितलं. मी शेजारीच उभी होते. मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

"ताई, मला पाच वर्षांपासून माहीत आहे."

"काय?"

"जहाजावरचा माणूस सुट्टीला तरी येतो ना! तुम्ही सांगत नव्हता, म्हणून मी विचारलं नाही. कागद द्या."

काकूंचंही तेच. "बंदरांची नावं संपतील की काय, याचीच मला काळजी होती," त्या म्हणाल्या. आई आधी हसली, मग त्यांच्या ओट्याला टेकून पोटभर रडली. काकूंनी दोन ओळींच्या जागी दोन पानं लिहिली. त्यात बाबांबद्दल एकच ओळ होती. बाकी सगळं आईबद्दल.

महिन्याने पत्र आलं. फी पूर्ण माफ, पुस्तकांसाठीही थोडी रक्कम. आईने ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि आधी मास्तरांना, मग काकूंना वाचून दाखवायला निघाली. आता त्यांच्यापासून लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

कॉलेज सुरू झालं त्या आठवड्यात मी क्लार्कबाईंचे आभार मानायला गेले. त्यांना काही मी आठवले नाही. "बरं झालं हो," त्या म्हणाल्या, "पण लायब्ररीचं कार्ड काढलंस का? आज शेवटचा दिवस आहे. पळ!"

मी पळाले.