गोंधळाचं बटण

दुरुस्तीवाल्याने एका हाताने कंट्रोल दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने इंग्रजी जी दाबला. पडद्यावर काही उमटलं नाही. त्याने पुन्हा दाबला, लिफ्ट येत नसली की लोक बटण दाबतात तसा.

"इंग्रजीत चालतंय, ताई. मराठी कीबोर्ड लावला की मान टाकतंय."

टंकलेखिकेला ते ठाऊक होतं. नगरसभेच्या बैठका ती जागच्या जागी टाइप करायची, आणि तिने बसवलेल्या शॉर्टकटांपैकी सगळ्यात जास्त राबलेला हाच. एका दणक्यात कंसासकट शब्द उमटायचा: (गोंधळ). मागच्या बाकांवरून कुणी परवानगीशिवाय तोंड उघडलं की हा दाबायचा. मग ते तोंड पाणी मागत असो नाहीतर शिव्या देत असो. गेल्या महिन्यात नवा प्रोग्रॅम आला आणि शॉर्टकट बंद पडला तो पडलाच.

बऱ्याच खटपटीनंतर दोष सापडला. नवा प्रोग्रॅम बोट कुठल्या कळेवर पडलं ते बघतच नव्हता. कळेतून अक्षर कुठलं निघतं ते बघत होता. मराठीत त्या कळेतून निघायचा उकार, आणि प्रोग्रॅम आपला जीची वाट बघत बसायचा.

तोवर इंग्रजीत जायचं, दाबायचं आणि परत यायचं, असा दुरुस्तीवाल्याने तोडगा काढला. जाऊन येईपर्यंत बोलणारा दोन वाक्यं पुढे गेलेला असतो, असं तिने सांगितलं.

"मग महिनाभर काय केलंत?"

"ऐकू आलं ते लिहिलं."

दारात उभे असलेले सचिव खाकरले. दुखणं तेच होतं. गेल्या बैठकीचं इतिवृत्त छापून आलं आणि मागच्या बाकांवरचे लोक इतकी वर्षं नुसते ओरडत नसून काहीतरी म्हणत होते, हे अध्यक्षांना छापील स्वरूपात कळलं. टेकडीवरचा दवाखाना बंद करू नका, असं म्हणत होते. कारणांसकट. यंत्राला काय झालंय, असा अध्यक्षांचा त्याच संध्याकाळी फोन आला.

"बाई, परवानगीशिवाय बोललेलं इतिवृत्तात घेत नाहीत," सचिव म्हणाले.

"तसा नियम आहे का, साहेब?"

"नियमाची कधी गरजच पडली नाही. बटण होतं ना."

दुरुस्तीवाल्याने शॉर्टकट उचलून वरच्या ओळीत, एफ सातवर नेऊन बसवला. या ओळीला भाषाच नसते, कुठलाही कीबोर्ड लावा, म्हणाला. सचिवांनी स्वतः दाबून खात्री केली. दोनदा. तिने दोन्ही गोंधळ पुसून टाकले. जाता जाता सचिवांनी सहज सुचवलं की तिच्या नेमणुकीची मुदतवाढ अध्यक्षांच्या टेबलावर सहीला पडली आहे, आणि साहेबांना उगाच विचारात पाडू नये.

दुपारी बैठकीत दवाखाना बंद करण्याचा ठराव आला. ती टाइप करील ते अध्यक्षांच्या डोक्यावरच्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं. ठराव वाचून संपायच्या आत मागे टेकडीवरची नर्स उभी राहिली. परवानगी तिने मागितली नव्हती. तिच्यामागून अख्खा बाक उठला. अध्यक्षांनी घंटा हाणायला सुरुवात केली.

टंकलेखिकेची बोटं खालच्याच ओळींवर चालत राहिली.

"नर्स: परवा एक बाई अडली होती. खालच्या मोठ्या दवाखान्यात आणेपर्यंत ती वाटेतच गेली असती. (अध्यक्ष घंटा वाजवतात.) मूल आमच्याकडे झालं. (अध्यक्ष घंटा वाजवतात.)"

सभागृहातल्या माना एकेक करून पडद्याकडे वळल्या. अध्यक्षांना मात्र वळून बघावं लागलं.

सचिव तिच्या खुर्चीशी येऊन वाकले.

"बटण चालत नाहीये का?"

"चालतंय की," ती म्हणाली. तिने मान वर केली नाही. "साहेबांना घंटा जरा थांबवायला सांगा. त्या काय म्हणतात ते नीट ऐकू येत नाहीये."