हाल्मेची चाखण

केल्दो गेला त्या दिवशी ओर्मा रडली नाही. आठव्या दिवशी रडली, आणि तेही कशावरून, तर खारवलेल्या माशांच्या बरणीवरून.

तीस वर्षं त्या माणसाने बायकोपायी घरात अळणी खाल्लं. चाखणारीच्या घरात मिठाचा खडा येत नाही, आणि केल्दोने त्याबद्दल कधी ब्र काढला नाही. गावाने त्याला देवमाणूस ठरवून टाकलं होतं. तो गेल्यावर ओर्मा शेळ्यांच्या गोठ्यात चारा काढायला गेली, तर गवताच्या गंजीमागे ही बरणी. म्हणजे तीस वर्षं हा बाबा शेळ्यांकडे बघून येतो म्हणून जायचा आणि तिथे बसून मासे चघळायचा. ओर्माला आधी हसू आलं. हसता हसता बांध कधी फुटला ते कळलंच नाही, आणि कळेपर्यंत आसवं गालांवरून ओठांत उतरली होती.

आमच्या तिस्सोरच्या किनाऱ्यावर कोणीही रडावं, पोटभर रडावं. चाखणारीने नाही. आसवांचं मीठ जिभेवर बसतं, मग गोड पाणीही खारं लागतं, असं लहानपणापासून सगळ्यांना शिकवलेलं असतं. रडलेल्या चाखणारीने दाराला निळं फडकं बांधायचं आणि पुरा महिना कुठल्या विहिरीला तोंड लावायचं नाही. आणि इथे चाखण चार दिवसांवर आलेली.

चाखण काय चीज आहे ते आम्हा किनारकरांना विचारावं. आमचा किनारा म्हणजे नुसता पोकळ दगड. वर हातभर माती, खाली भोकंच भोकं, आणि त्या भोकांत पावसाचं गोड पाणी समुद्राच्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्र खालून खात खात आला की विहिरीत आधी मिठाचा कण येतो. आम्हा मीठ खाणाऱ्यांना तो कळत नाही. जन्मात मीठ न चाखलेल्या जिभेला तेवढा कळतो. त्यानंतर वर्षभराने जमीन बसते, घरांसकट, माणसांसकट. म्हणून दर साली थोरल्या ओहोटीच्या आठवड्यात चाखणारी गावोगाव जाते. ती ‘गोड’ म्हणाली तर गाव राहतं. ‘खारं’ म्हणाली की विहिरीवर दगड पडतो आणि दोन दिवसांत गाव बोचकी बांधून माथ्यावर निघतं.

माथ्यावर पक्का काळा दगड आहे, झरे आहेत आणि माथेकर आहेत. त्यांच्या मळ्यांत राबावं लागतं, पण ज्याचं नाव बापाच्या गावच्या विहिरीवर ठेवलं गेलंय तो माणूस नको झालं की काम टाकून निघू शकतो. जे पोर विहीर बंद झाल्यावर जन्मतं ते बिनविहिरीचं. ज्या मळ्यात जन्मलं, किंवा ज्या मळ्याने आधी पट्टी बांधली, त्या मळ्याचं, मरेपर्यंत. हा कायदा कोणी केला विचाराल, तर माथेकरांनीच केला, दुसरं कोण करणार.

ओर्माची लेक नाशिल हाल्मे गावात दिलेली होती. पहिलटकरीण, आठवा सरलेला. बापाच्या दिवसांसाठी माहेरी आली होती ती तिथेच होती. आईच्या हातात निळं फडकं बघून ती दारात आडवी उभी राहिली.

“आई, ते बांधू नकोस.”

“बांधावं लागतं गं. रडले मी.”

“मी बघितलं का? शेळ्यांनी बघितलं, त्या काय सांगायला जातायत?” नाशिलने फडकं तिच्या हातातून काढून घेतलं. “तू बसलीस की उत्तरेच्या इगारला बोलावतील. त्या म्हाताऱ्याला पावसाच्या पाण्यातसुद्धा मीठ लागतं. गेल्या साली तीन गावं उठवली त्याने. तो आला की हाल्मे गेलंच समज. मग माझं पोर कुठे जन्मेल?”

 ओर्मा लेकीच्या पोटाकडे बघत राहिली. शेवटी तिने नारळाच्या पाण्याने पाच वेळा चुळा भरल्या आणि फडकं घडी करून ठेवून दिलं.

पहिल्या तीन गावांत पाणी गोड लागलं. तिचा जीव भांड्यात पडला. चौथ्या दिवशी ती हाल्मेला गेली. सगळं गाव विहिरीभोवती बसलेलं, एक्केचाळीस माणसं आणि मांडीवरची पोरं. जावई वेरुकने स्वतः पोहरा ओढला. हा हसरा, जरा वेंधळा माणूस होता, अर्धं पाणी त्याने स्वतःच्याच पायांवर सांडलं.

“वेरुक, सासूला आंघोळ घालतोस की पाणी देतोस?” गावचा वडीलधारा तोबिर म्हणाला, आणि लोक हसले.

ओर्माने घोट तोंडात धरला. खारं. थुंकून तिने पुन्हा घेतला. पुसट, पण खारं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणायचं होतं ना तिथल्या तिथे. म्हणायला सोपं आहे. तिच्या मनात एक आलं की हे मीठ विहिरीचं नाही, आपल्याच आसवांचं आहे. मग तिनेच ते खोडलं, कारण तीन गावांत कसं लागलं नाही? मग तिसरा विचार आला, आणि त्याने घात केला. असेना का विहिरीचं, मीठ आल्यावर वर्ष मिळतं. आपल्याला महिना पुरे. पोर जन्मू दे, नाव ठेवू दे, मग येऊन सांगू की पुन्हा चाखलं, खारं आहे. गावालाही अकरा महिने उरतात. कोणाचं काय बिघडतं?

“गोड,” ओर्मा म्हणाली.

बायकांनी एकमेकींच्या गळ्यात हात टाकले. तोबिरने तिला रताळ्याच्या अळणी भाकरीची चवड बांधून दिली, आणि ती घेताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाखणीनंतर बाविसाव्या दिवशी, सासरी परतलेल्या नाशिलला मुलगी झाली, हाल्मेतच. दुसऱ्या दिवशी विहिरीवर नाव ठेवलं, इलिन. वेरुकने पोरीच्या कपाळाला पाणी लावलं आणि उरलेली ओंजळ सासूपुढे केली. “घ्या आई. पाणी हल्ली जरा जड लागतं, पण आपल्याच विहिरीचं आहे.”

ओर्मा ते प्यायली. या वेळी पुसट नव्हतं. हातात महिने आहेत असंच ती धरून चालली होती. तरी तिने घाई केली. बाळंतिणीला माहेरी नेते म्हणून त्याच दुपारी नाशिलला आणि पोरीला शेळीगाडीत घालून ती आपल्या गावी घेऊन आली. वेरुक म्हणाला, छपराचं काम उरकतो आणि चार दिवसांनी येतो. ओर्मा दुसऱ्याच दिवशी परत जाऊन सांगणार होती. पण नाशिलला ताप भरला, म्हणून म्हणाली, उद्या जाऊ.

त्या उद्याच्या सकाळी, लोक न्याहारी करत असताना, हाल्मे बसलं. ओर्माच्या गावात भांडी हलली, इतकंच. दुपारी कोळी सांगत आले की जिथे गाव होतं तिथे आता हिरवं पाणी आहे आणि त्यात छपरांचं गवत तरंगतंय. वेरुक गेला, तोबिर गेला, सगळं गाव गेलं आणि मांडीवरची पोरंही. होडी घेऊन बाहेर असलेले दोघे भाऊ तेवढे वाचले.

नाशिलने तीन दिवस तोंडात अन्न घेतलं नाही. पोरगी छातीशी धरून बसायची. “समुद्राला दया नाही गं आई,” एवढंच म्हणायची. ओर्मा तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि त्या हाताची तिला स्वतःलाच किळस यायची.

सगळ्या किनाऱ्याची समजूत एकच झाली. ओर्माने गोड म्हटलं होतं, ओर्माची जीभ कधी चुकली नाही, म्हणजे समुद्र आता मिठाचा निरोप न पाठवताच यायला लागलाय. मग चाखण कशाला आणि चाखणारे कशाला. याच बोलण्यातून पुढचं ओढवलं. चाखणीचा उत्तरेकडचा भाग म्हातारा इगार बघायचा, आणि तिकडची फेरी महिन्याने, पुढच्या ओहोटीला असते. त्याने सोरे गावची विहीर चाखून खारी ठरवली, आणि सोरेकरांनी उठायला नकार दिला. दोनशे माणसांचं गाव. त्यांनी विहिरीवरचा दगड ढकलून दिला आणि म्हाताऱ्याला सांगितलं, घरी जा आजोबा, शेळ्या चाखा.

इगार घरी गेला नाही. काठी टेकत दोन दिवस चालून तो ओर्माच्या अंगणात आला. नाशिल पोरीला घेऊन आत निजली होती.

“ओर्मे, खरं सांग,” तो ओट्यावर बसत म्हणाला. “चाखणीआधी रडली होतीस?”

ओर्माने होकाराची मान हलवली.

“आणि हाल्मेत काय लागलं?”

“पुसट खारं. मला वाटलं वर्ष आहे. आसवांनी उलट जास्तच लागत असेल, असंही वाटलं.”

म्हाताऱ्याने काठी बाजूला ठेवली. “कोणी शिकवलं तुला हे? अगं, आसवांनी जीभ खारट होत नाही, बधिर होते. मी माझा मुलगा गेला तेव्हा रडलो होतो, मला ठाऊक आहे. बधिर जिभेला जे पुसट लागतं ते चांगल्या जिभेला तोंड पोळेल इतकं असतं. ते पहिलं मीठ नव्हतं, ओर्मे. त्या गावाचे दिवस भरले होते.”

 ओर्मा तिथेच मातीत बसली.

“मी कोणाला सांगणार नाही,” इगार म्हणाला. “सांगितलं तरी माझं ऐकतंय कोण. पण सोरेत मी मीठ चाखलंय, पहिलं नाही, चांगलं मुरलेलं. त्यांना फार तर दोन महिने आहेत. समुद्र निरोप देतो हे त्यांना पटवायचं असेल, तर तुला निरोप मिळाला होता हे तूच सांगायला हवंस.”

“खोट्या गोडावर ठेवलेलं नाव धरत नाहीत, दादा.”

“माहीत आहे.”

“माझी नात बिनविहिरीची होईल.”

“ते पण माहीत आहे,” इगार म्हणाला आणि काठी घेऊन उठला.

ओर्मा दोन रात्री जागी राहिली. लेकीला सांगायला चार वेळा तिच्या उशाशी जाऊन बसली आणि चारही वेळा पोरीचं दुपटं सारखं करून उठली. इथे मला तिचा राग येतो. जे दोनशे परक्यांना सांगायचं ते आधी पोटच्या पोरीला सांगायचं धैर्य तिला झालं नाही. तिसऱ्या सकाळी ती एकटीच सोरेला गेली आणि विहिरीच्या काठावर उभी राहून सगळं बोलली. बरणीपासून वेरुकच्या ओंजळीपर्यंत काही गाळलं नाही. ऐकणाऱ्यांत माथ्याचा कारभारीही होता, मजुरांच्या शोधात आलेला. हाल्मेच्या दोघा भावांपैकी धाकटाही तिथेच बसला होता. तो उठून तिच्यापाशी आला. ओर्माला वाटलं हा मारणार, आणि मारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तो तिच्या पायांपाशी थुंकला आणि निघून गेला.

सोरे त्याच दुपारी बोचकी बांधायला लागलं. दोनशे माणसं वाचली. तिच्याशी कोणी चकार शब्द बोललं नाही.

ती घरी पोहोचली तेव्हा बातमी तिच्याआधी आलेली होती, आणि कारभारी घोड्यावरून. अंगणात त्याने आणलेल्या मळ्यावरच्या दोन बायका उभ्या होत्या. एकीने इलिनच्या पायाला मळ्याची चामड्याची पट्टी बांधली होती. दूध तुटेपर्यंत आईला पोरीबरोबर राहता येतं, म्हणून नाशिलने आपलं बोचकं भरलं होतं.

“तुला लागलं होतं,” नाशिल म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

“हो.”

“मी तुला रडणं लपवायला सांगितलं होतं. खोटं बोलायला नाही सांगितलं. खारं म्हणाली असतीस तर वेरुक आज माथ्यावर मजुरी करत असता. पोर बिनविहिरीचं झालं असतं, पण त्याला बाप असता.”

“तुझ्यासाठीच गं, मला वाटलं...”

“आणि आता सोरेसाठी माझी पोर दिलीस. एकदा माझ्यासाठी गाव दिलंस, एकदा गावासाठी मला.” तिने पोरीला झोळीत नीट बसवलं. “मला विचारायचं तरी होतंस आई. दोन्ही वेळा.”

ओर्मा त्यांच्या मागे मागे चालत गेली. चढावर तिला धाप लागली तरी थांबली नाही. माथ्याची वेस आली तिथे कारभाऱ्याने घोडा थांबवला, आत येणाऱ्यांची डोकी मोजली आणि मागे वळून बघितलं.

“ती म्हातारी कोण? तुझ्यातली आहे का? असेल तर येऊ दे, शेळ्यांना माणूस लागतंच.”

नाशिलने वळून आईकडे बघितलं. चांगलं पोटभर बघितलं.

“कोणी नाही,” ती म्हणाली. “विहिरी चाखायची पूर्वी.”

कारभाऱ्याने मान हलवली आणि वेशीचं फाटक लावून घ्यायला सांगितलं.