सहा वाजताची ओळ

निफाडजवळच्या शाळेचे मुख्याध्यापक खंडेराव सर नाशिकहून प्रशिक्षण घेऊन आले आणि पालकसभेच्या नोटिशीच्या जागी ऑनलाइन तक्ता आला. पालकांनी मोबाइलवर लिंक उघडायची आणि सोयीच्या वेळेपुढे आपलं नाव टाकायचं. वेळा होत्या बुधवारी अकरा ते एक. सोय कुणाची, हे प्रशिक्षणात आलं नसावं. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं : जो पालक गैरहजर, त्याच्या पाल्याचं नाव शिष्यवृत्तीच्या वर्गातून कमी.

सरिताने हे द्राक्षांच्या पॅकहाऊसबाहेर, चहाच्या सुट्टीत वाचलं. तिची निकिता त्या वर्गात होती. नुसती होती असं नाही, चांगली रमली होती. पण ऐन हंगामात भरदुपारी द्राक्षं भरायचं टेबल सोडलं, तर मुकादम तिथं दुसरी बाई उभी करणार. मग टेबल गेलं ते गेलंच.

"वर्गाच्या मॅडमला फोन कर की," शेजारच्या टेबलावरची कुसाबाई म्हणाली.

"मॅडम काय करतील? वेळ सरांनी लावलीय." सरिताने तक्त्याच्या तळाशी बोट टेकवलं आणि नवी ओळ लिहिली : बुधवार, संध्याकाळी सहा, पॅकहाऊस. सरिता, निकिताची आई.

"अगं, असं लिहिता येतंय?"

"लिहिलं की."

कुसाबाईनेही नाव टाकलं. चहा संपेपर्यंत निम्म्या बाया त्या ओळीत जाऊन बसल्या. तेवढ्यात सगळ्यांच्या देखत ओळ गायब झाली. सरिताने परत लिहिली. परत गेली. मग तक्त्यातच सरांची सूचना उमटली : पालकांनी वेळा बदलू नयेत.

सरिताने खाली लिहिलं : मग तक्ता आमच्या हातात दिला कशाला?

मग सरांचा फोन आला.

"हे बघा ताई, हा सहभागासाठी आहे. यात सहभाग घ्यायचा, ढवळाढवळ नाही करायची."

"बरं सर. मग आमी सहभाग काढून घेतो."

दुसऱ्या दिवशीच्या चहाला बायांनी अकरा ते एकमधली, घाबरून आधी टाकलेली नावं पुसली. नवऱ्यांना आणि गावातल्या बाकी पालकांनाही पुसायला लावली. हाच तक्ता सर गुरुवारी तालुक्याला 'पालक-सहभागाचा आदर्श नमुना' म्हणून दाखवणार होते.

"सर, आता त्यात तुमची लाल अक्षरं तेवढी उरलीत," वर्गशिक्षिका तृप्ती मॅडम अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या. "आणि सरिताताईंचा प्रश्न."

बुधवारी सहाला सर पॅकहाऊसच्या दारात हजर. रखवालदाराने जाळीची टोपी पुढे केली.

"अहो, मला केसच नाहीत."

"नियम म्हणजे नियम, सर."

काम सुटलं होतं. सरिताने एक क्रेट पालथा घातला. "बसा सर. निकिताचं नाव?"

"त्याचं काय आहे, नियमाप्रमाणे गैरहजर पालकांच्या..."

"मी हजर हाय. तुमी बी हजर हाय. गैरहजर कोण?"

सरांनी टोपीवरून डोकं खाजवलं. "राहील नाव. नंतर नोंदवतो."

"नंतर नाय. हितंच. तक्त्यात. आमालाही दिसतंय ना."

सर टाइप करू लागले. टेबलाभोवतीच्या सगळ्या मोबाइलांवर निकिताचं नाव एकेक अक्षर करत उमटलं. बायांनी मान वाकवून ते पुरतं वाचलं, मगच चुळबुळ सुरू झाली.

सर उठायला लागले.

"थांबा," सरिता म्हणाली. "वरची लाल अक्षरं राहिली. पुसायचं तर तुमाला झकास जमतं."