आठपेक्षा कमी

चौकशीच्या खोलीत बाईंना खुर्ची दिली, पाणी विचारलं. शिकवणाऱ्या माणसाला लोक अजून मान देतात, आणि त्या दिवशी तोच मान बाईंच्या अंगाशी आला.

कारखान्यातला बॉयलर फुटून त्यावरचा कामगार गेला होता. महिन्यापूर्वीच त्याला त्या कामावर घेतलं होतं. दिवसभर राबून संध्याकाळी तो बाईंच्या वर्गाला यायचा. दोष त्याचा की कारखान्याचा, एवढंच अधिकाऱ्यांना ठरवायचं होतं. बॉयलरवर पाटी होती, 'दाब < ८'. नोंदवहीत मात्र त्याच्या हातचा दर तासाला एकच आकडा होता, आठ. काटा त्यानं आठावरून हलू दिला नव्हता. ते जुनं धूड किती सोसणार?

"त्याला हे चिन्ह कळत होतं का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

भिंतीशी बसलेली त्याची आई लगबगीनं पुढे आली. "कळायचं की! हे बघा ना." तिनं पिशवीतून वही काढून उघडली.

पानावर बाईंनीच दिलेला प्रश्न होता: राशी, समीकरण आणि असमानता वेगळी करा. '३क्ष + ५' त्यानं राशीखाली लिहिलं होतं, 'क्ष + २ = ७' समीकरणाखाली. आणि 'क्ष < ८' तेही समीकरणाखालीच, वर सुवाच्य अक्षरात: म्हणजे क्ष आठच पाहिजे.

तिन्हींपुढे बाईंची बरोबरची लाल खूण होती.

चूक बाईंना आत्ता दिसली. बसमध्ये पेंगत तपासलेल्या चाळीस वह्यांतली ही एक. आठपेक्षा कमी, हे दोन शब्द समासात लिहायला असा किती वेळ लागला असता? तो बिचारा बाईंच्या शब्दाबाहेर नव्हता. बाईंनी बरोबर म्हटलं, त्यानं ते खरं मानलं.

अधिकाऱ्यांना गणिताचा गंध नव्हता, खूण तेवढी कळत होती. "सगळं बरोबर दिसतंय. म्हणजे येत होतं, तरी हलगर्जीपणा केला. असंच ना, बाई?"

बाईंनी तोंड उघडलं. पण तीस वर्षांची नोकरी, कमावलेलं नाव, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि त्या भ्याल्या.

"हो. येत होतं त्याला."

अधिकाऱ्यांनी दोष कामगाराचा लिहून खाली बाईंची सही घेतली.

जिन्यात आईनं बाईंचा हात धरला. "साहेबांचं बोलणं मला काही उमगलं नाही. पण पोरगा हुशार होता, एवढं लिहिलं ना त्यांनी?"

"लिहिलं," बाई म्हणाल्या.

"मग झालं तर. तुमचे उपकार कसे फेडू?"