बुडाला भोक असलेला माठ

मी माठ बोलतोय. हसलात ना? ज्या पोराच्या डोक्यात काही शिरत नाही त्याला तुम्ही माझंच नाव देता, ठाऊक आहे मला. असो. मी तर पाण्याचासुद्धा माठ नाही. मी शिल्प आहे. देविकानं घडवलं मला. ती लातूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते आणि घरामागच्या पत्र्याच्या खोलीत भट्टी लावते.

तिचा भाऊ अंबरीश पाणी प्यायला की पेला माठावरच पालथा घालायचा. झाकण कुठंतरी लोळत असायचं आणि आई, विनीताबाई, रोज ओरडायच्या. तसाच मी. मातीचा माठ, तोंडावर मातीचाच पालथा पेला, दोन्ही सांधून एकजीव. आता असं सगळीकडून बंद भांडं भट्टीत घातलं तर आतली हवा तापून ते फुटतं. म्हणून देविकानं माझ्या बुडाजवळ बोटभर भोक ठेवलं. बस्स, एवढंच कारण.

अंबरीश गेल्या पावसाळ्यात नांदेडला गेला तो परतलाच नाही. गोदावरीच्या पुलावर त्याची मोटारसायकल सापडली. वडील रेणुकादास म्हणायचे, "आता विधी उरकून घेऊ." विनीताबाई मात्र रोज त्याच्या वाटची पोळी झाकून ठेवायच्या. त्यांच्या लेखी पोराला नुसता उशीर झाला होता.

देविकानं मला ओट्याशेजारी ठेवलं तेव्हा बाई किती हरखल्या! पेल्यावरून हात फिरवत राहिल्या. तेवढ्यात शेजारच्या सिद्धम्मा आल्या. मला उचलून बघितलं नि म्हणाल्या, "अगं बाई, गळका हाय की! बुडाला भोक हाय."

त्यांच्यात माणूस पुरतात, त्यांना काय माहीत? पण या घरात दहन करतात. चितेभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला दर फेरीला दगडानं एक भोक पाडतात, आणि तिसऱ्या फेरीनंतर मडकं फोडतात.

विनीताबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "बापलेकींनी मिळून एक फेरी परस्पर उरकलीत का गं? दोनच राहिल्या?"

"आई, ते हवेसाठी असतं गं!"

"जित्या लेकराचं मडकं केलंस तू."

देविका ढसाढसा रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी मला फेकलं मात्र नाही. चिमूटभर कणीक मळून भोक बुजवलं. कणीक वाळायची, मुंग्या लागायच्या, बाई पुन्हा बुजवायच्या. रेणुकादास ते बघायचे आणि चप्पल घालून बाहेर निघून जायचे. खोटं कशाला बोलू, बाईंचा हात लागला की मला बरं वाटायचं.

आज सकाळी नांदेडहून पोलिसांचा फोन आला. नदीकाठी मिळालेली हाडं आणि रेणुकादासांचं रक्त तपासणीला गेलं होतं. फोन ठेवून ते एवढंच म्हणाले, "जुळलं."

बाई ओट्याशी आल्या. नखानं कणीक उकरून काढली आणि मला उचलून खांद्यावर घेतलं.

"अगं, कुंभाराकडून नवं मडकं आणू," रेणुकादास म्हणाले.

"कशाला? झालंय की एक तयार. आणि फिरणार मी. तुमचे गुडघे कुठं चालतायत?"

आता आम्ही नांदेडला निघालोय. मी बाईंच्या मांडीवर आहे. भोकावर त्यांनी अंगठा दाबून धरलाय.

मला एकच धास्ती आहे हो. कुंभाराचं मडकं एका टोल्यात फुटतं. मी भट्टीत पार दगड होईस्तोवर भाजलोय. बाई, फोडताना पहिलाच घाव जोरात घाला. मी नाही फुटलो तर तुम्हाला परत हात उचलावा लागेल, आणि तो तुमच्यानं उचलवणार नाही.